शिवारातलं घर: शाश्वत बांधणीचा वाद कुठे पोचला आहे?

महाराष्ट्रात उघड्या शिवारात एकटं घर बांधायची चाल तशी नवी आहे. देशावरचं गाव गावठाणात दाटीनं वसलेलं असे. शेत लांब, घर गावात. मोटेच्या जागी आधी इंजिन आणि मग विजेचा पंप आला, ऊस, भाजीपाला आणि दुभत्या जनावरांचं वेळापत्रक आलं, भावाभावांत वाटण्या झाल्या आणि कुटुंबं मळ्यात राहायला गेली. गावाभोवती वस्त्या उभ्या राहिल्या. कोकणातली वाडी मुळातच विखुरलेली, पण तीही शेजार धरून असे. गेल्या काही दशकांत यात तिसऱ्या मंडळींची भर पडली आहे. ही मुंबई-पुण्याकडची कुटुंबं. ती कर्जत, मुळशी, अलिबाग किंवा दापोलीच्या बाजूला जमीन घेऊन घर बांधतात.

या सगळ्यांपुढे आज एक सामाईक प्रश्न आहे. आसपास नळयोजना नाही, गटार नाही, सावलीला शेजारची भिंत नाही, अशा जागी कुटुंबानं पन्नास वर्षं नीट राहावं आणि भोवतालच्या जमीन-पाण्यावर कमीत कमी भार पडावा, असं घर कसं बांधायचं? वास्तुरचनाकार, अभियंते, कारागीर आणि राहणारी माणसं यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. बराचसा वाद भिंतीभोवती फिरतो. छप्पर, पाणी, देखभाल आणि प्रवास यांचा हिशेब मात्र अनेकदा मागे पडतो.

सेवाग्राम ते किल्लारी

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. मातीच्या भिंती, बांबू आणि कौलारू छप्पर यांनी उभी राहिलेली बापूकुटी आजही या चर्चेत पहिला दाखला म्हणून येते. घराचं सामान पाच मैलांच्या परिघातलं असावं, हा गांधीजींचा विचार आपण त्यांच्याच तोंडून ऐकल्याचं वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत. इंग्लंडहून आलेल्या बेकर यांनी (१९१७–२००७) पुढे केरळात त्याला तांत्रिक बैठक दिली. वीट सपाट ठेवण्याऐवजी कडेवर उभी लावून भिंतीत पोकळी सोडण्याची त्यांची ‘रॅट-ट्रॅप’ बांधणी सुमारे पाव विटा वाचवते आणि पोकळीमुळे ऊनही अडवते.

सत्तरच्या दशकात संस्था या कामात उतरल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकारानं ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट सुरू झाला आणि दाबयंत्रावर केलेल्या मातीच्या ठोकळ्यांवर तिथे पद्धतशीर संशोधन झालं. १९७६ साली वर्ध्यात देवेंद्र कुमार यांनी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस स्थापन केलं. तिथल्या छपराची कल्पना लक्षात राहण्यासारखी आहे. कुंभारानं चाकावर केलेली निमुळती मातीची नळकांडी एकात एक अडकवायची, त्यांच्या कमानी करायच्या आणि त्या शेजारी-शेजारी बसवून लोखंडाशिवाय छप्पर उभं करायचं. ऑरोव्हिलच्या अर्थ इन्स्टिट्यूटनं दाबलेल्या ठोकळ्यांचं तंत्र देशभर नेलं.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारी गावाजवळ सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. तोवर हा पट्टा देशाच्या भूकंपनकाशावर सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचं मातीचं वजनदार माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, आणि माती-दगडाच्या घराबद्दलची धास्ती मराठवाड्याच्या मनात कायमची बसली.

या घटनेचे दोन अर्थ लावले जातात. एका मते पारंपरिक बांधणीचा तो पराभव होता. दुसऱ्या मते दोष मातीचा नव्हता, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसणं आणि छपरावर वर्षानुवर्षं माती चढत जाणं यांचा होता. योगायोग असा की मातीच्या आणि कमी मजबुतीच्या दगड-विटांच्या घरांना भूकंपात तगवण्याची भारतीय मानकं (आयएस १३८२७ आणि १३८२८) त्याच साली प्रसिद्ध झाली. जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या डोक्यावर सलग पट्टा, कोपऱ्यांना सांधणी, कोपऱ्यापासून दूर ठेवलेल्या मोजक्या खिडक्या असे त्यांतले उपाय आहेत. २००१च्या कच्छ भूकंपात गोल आकाराचे मातीचे ‘भुंगे’ बऱ्यापैकी टिकले. त्यामुळे दुसऱ्या मताला बळ मिळालं. तरी गावातल्या गवंड्यापर्यंत ही मानकं किती पोचली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

भिंतीबद्दलच्या तीन भूमिका

पहिली भूमिका शुद्ध मातीची. पाया खणताना निघालेलीच माती भिंतीला वापरायची, सिमेंट शक्यतो टाळायचं, घर कधी पडलंच तर ती माती परत रानात जाईल. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे. भाजक्या विटेत सुपीक मातीचा वरचा थर आणि भट्टीचं इंधन जातं. त्यापुढे कच्च्या विटेचं किंवा कुडाचं घर जवळपास निर्दोष दिसतं.

पण प्रत्येक माती चालत नाही. त्यासाठी जाणकार साधी बाटलीची परीक्षा करतात. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोरात हलवायचं आणि रात्रभर ठेवून द्यायचं. सकाळी तळाशी वाळू, मधे गाळ आणि वर चिकणमाती असे थर उभे दिसतात. वरचा थर फार जाड असेल तर भिंत वाळताना तडकणार, फारच पातळ असेल तर धरून राहणार नाही. देशावरची काळी माती यात हमखास नापास होते, कारण ती ओलीनं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला ती नकोच. तिच्यावर घर उभं करायचं तरी पायातली काळी माती काढून मुरूम भरणं किंवा खालच्या पक्क्या थरापर्यंत जाणं भाग असतं. हा खर्च मातीच्या घरालाही चुकत नाही.

दुसरी भूमिका मधली आहे. मातीत पाच ते आठ टक्के सिमेंट किंवा चुना मिसळायचा, यंत्रावर दाबून ठोकळे करायचे आणि न भाजता वापरायचे. ठोकळा पावसाला टिकतो, आकारात सारखा येतो, गिलाव्याची गरज कमी होते आणि अभियंत्याला त्याची ताकद मोजता येते. पहिल्या गटाचा आक्षेप असा की सिमेंट घातल्यावर ती माती परत माती होत नाही. शिवाय भिंत जाड केली तर बचत आटते. आठ टक्क्यांच्या प्रमाणानं एका घनमीटर भिंतीत सुमारे १६० किलो सिमेंट जातं. दुसऱ्या गटाचं उत्तर असं की पाच टक्क्यांत काम भागतं आणि विटेची भट्टी वाचते ती वेगळीच. हा वाद माती, जाडी आणि अंतर बदललं की बदलतो, म्हणून तो कागदावर मिटत नाही.

तिसरी भूमिका म्हणते की सामानापेक्षा आराखडा महत्त्वाचा. घर मोजकं, दिशा बरोबर, सामान टिकाऊ आणि देखभाल कमी असेल तर सिमेंटच्या सांगाड्यालाही जागा आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेच्या विटा, हवेच्या पोकळ्यांच्या काँक्रीटचे हलके एएसी ठोकळे आणि चुनखडी-भाजक्या चिकणमातीचं एलसी-३ हे नवं सिमेंट या गटाच्या हाताशी आहे. एलसी-३मुळे उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत घटू शकतं, असं त्यावर काम करणारे संशोधक मांडतात.

कोकणचा चिरा या तिन्हींत कुठेच नेमका बसत नाही. जांभा खाणीतून कापून थेट भिंतीत लागतो, भाजावा लागत नाही, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो घराजवळच मिळतो. पण खाण संपल्यावर सड्यावर उघडे खड्डे राहतात, आणि तोच चिरा ट्रकनं घाटावर नेला की स्थानिक असण्याचा त्याचा फायदा वाटेतच संपतो.

बांबूबद्दल एकमत वाढतं आहे. २०१७ साली वन कायद्यातल्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि शेतकऱ्याला तो तोडणं-नेणं सोपं झालं. कुडाळचं कोनबॅक आणि मेळघाटातलं लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र या संस्थांनी कारागिरांची फळी उभी केली. बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू किडीला दाद देत नाही. ही प्रक्रिया चुकवली तर भुंगेरा तो आतून पोखरतो.

छप्पर, ऊन आणि वारा

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे इथल्या घराला उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन भिंतीवर पडत नाही, छपरावर पडतं. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, कारण तिकडून येणारा सूर्य उंच असतो. दुपारनंतरचं पश्चिमेचं तिरपं ऊन अडवायला मात्र पडवी, झाड किंवा बिनखिडकीची कोठीच लागते. जुन्या घरांची ओसरी, चौक, उंच जोतं आणि खोल वळचण यांमागे हाच विचार आहे, आणि यावर तिन्ही गटांत फारसा मतभेद नाही.

मतभेद आहे तो स्लॅब की कौलं यावर. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. मराठवाडा-विदर्भातली माणसं उन्हाळ्यात अंगणात झोपतात ती उगीच नाही. मंगलोरी कौलं (यांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला काढला) फटींतून गरम हवा बाहेर जाऊ देतात, लवकर निवतात आणि एक फुटलं तर एकच बदलता येतं. पण दर पावसाळ्याआधी घर शाकारावं लागतं, ते करणारी माणसं कमी झाली आहेत, आणि कोकणात वानरांच्या टोळ्या कौलं फोडतात म्हणून कितीतरी घरांवर पत्रा चढला. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानं रायगड-रत्नागिरीत कौलं आणि पत्रे दोन्ही उडवले तेव्हा स्लॅबच्या बाजूनं एक नवा, भक्कम मुद्दा तयार झाला.

स्लॅबच ठेवायचा तर त्यावर चुन्याचा पांढरा थर, फुटक्या चिनीमातीच्या तुकड्यांचा कोबा किंवा सौर पॅनेलची सावली हे उपाय स्वस्त आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको निवास संहिता’ (२०१८) छपरातून आणि भिंतींतून आत शिरणाऱ्या उष्णतेला आकडी मर्यादा घालते, दमट हवेच्या प्रदेशात जास्त उघडणाऱ्या खिडक्या मागते. मात्र ती मुख्यतः शहरी निवासी इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. पडवी किंवा अंगणाचा उपयोग तिच्या गणितात पुरता उतरत नाही, असा पारंपरिक बांधणीच्या बाजूच्यांचा आक्षेप आहे.

पाणी आणि मैला

शिवारातल्या घराची खरी कसोटी पाण्यावर लागते. राज्याचा बहुतेक भाग बसाल्ट खडकावर आहे आणि या खडकात पाणी भेगांपुरतं आणि वरच्या झिजलेल्या थरापुरतंच साठतं. बोअर हा पहिला विचार असतो, पण २००९च्या राज्याच्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर नियंत्रण आणलं ते याच कारणानं.

छपरावरच्या पावसाचा हिशेब कुणालाही करता येतो. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी देतो. शंभर चौरस मीटर छप्पर, ६०० मिलिमीटर पाऊस आणि वीस टक्के गळती-वाफ धरली तर ४८,००० लिटर मिळतात. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटर या प्रमाणानं चौघांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे ८०,००० लिटर लागतात. म्हणजे अवर्षणप्रवण देशावर छप्पर निम्म्याहून थोडी जास्त गरज भागवतं. कोकणात ३,००० मिलिमीटर पावसावर तेच छप्पर दोन लाख चाळीस हजार लिटर देतं. तिथे अडतं ते साठवण्यावर. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांसाठी सुमारे ५३,००० लिटरची टाकी बांधावी लागते, आणि तिचं सिमेंट-लोखंड पुन्हा भिंतीच्या बचतीतून वजा होतं. म्हणून काही रचनाकार पिण्यापुरती लहान टाकी आणि उरलेलं पाणी गाळून विहिरीत सोडणं असा मधला मार्ग सुचवतात.

मैल्याच्या बाबतीत मराठी मुलखाची परंपरा मोठी आहे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी संडास आणि खत यांचे प्रयोग केले. देहूत डॉ. मापुसकर यांनी आयुष्यभर संडासाला जोडलेल्या बायोगॅससाठी काम केलं, आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरतात. वर्ष-दीड वर्षानं पहिल्यात वास नसलेलं खत मिळतं. हे सेप्टिक टाकीपेक्षा स्वस्त आहे आणि मैला उपसणाऱ्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. भूजल उथळ असेल किंवा विहीर जवळ असेल तिथे मात्र खड्ड्याचं अंतर आणि उतार काटेकोर पाहावा लागतो. स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर चालणारा लहान बायोगॅस पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं लोकप्रिय केला. २००६ साली त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी केळी-अळूला द्यायची जुनी रीत आजही सर्वांत सोपी आहे.

वीज

मळ्यातल्या घराची अडचण अशी की शेतीच्या वाहिनीवर वीज ठरावीक तासच असते. एक किलोवॅटचं सौर पॅनेल इथे सरासरी रोज चार युनिट देतं, पावसाळ्यात कमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा अधिकसाठी ७८,००० रुपये अनुदान आहे. ते वाहिनीला जोडलेल्या घरासाठी असतं. वाहिनीची वीज गेली की बॅटरी नसलेली अशी यंत्रणाही सुरक्षेसाठी बंद पडते, हे बऱ्याच कुटुंबांना बसवल्यावरच कळतं. बॅटरी घ्यावी की सुरुवातीलाच पंखे-दिवे-फ्रीज कमी विजेचे निवडून गरजच घटवावी, यावर जाणकारांत एकवाक्यता नाही.

घर कुठे, कोणासाठी

चौथी भूमिका आणखी मागे जाऊन विचारते: शिवारात घर बांधावंच का? या बाजूच्यांच्या मते गावठाणातलं पडकं घर दुरुस्त करणं केव्हाही कमी खर्चाचं. माळावरच्या एकट्या घराला रस्ता, खांब, कुंपण आणि बोअर लागतं, आणि एकामागून एक अशी घरं झाली की चराई तुटते, ओढे बुजतात. पश्चिम घाटाबाबत गाडगीळ समितीनं २०११ साली आणि कस्तुरीरंगन समितीनं २०१३ साली दिलेल्या अहवालांमागेही बांधकामाच्या या विस्ताराची चिंता होती.

कायदाही याच दिशेनं ओढतो. राज्यात शेतजमीन घ्यायला सर्वसाधारणपणे शेतकरी असावं लागतं. २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेतघरासाठी किमान ०.४ हेक्टर जमीन आणि मर्यादित बांधकाम अशा अटी आहेत. अकृषक परवानगीचे नियम वरचेवर बदलत आले आहेत.

सुट्टीपुरत्या घरांबद्दलचा वाद सर्वांत नाजूक आहे. अलिबागजवळ नांदगावला नारळीच्या वाडीत ‘स्टुडिओ मुंबई’ या वास्तुरचनाकारांच्या गटानं बांधलेलं ‘पामायरा हाउस’ २०१०च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. लाकडी सांगाडा, ताडाच्या झिलमिल्या, वाऱ्याला मोकळी वाट हे त्याचे गुण कुणी नाकारत नाही. अशा घरांमुळे सुतार-गवंड्यांचं कसब जगलं, असं समर्थक म्हणतात. टीकाकार प्रवासाकडे बोट दाखवतात. ढोबळ हिशेब असा: हजार चौरस फुटांच्या नेहमीच्या घराला सुमारे ४०० पोती, म्हणजे २० टन सिमेंट लागतं आणि त्याचं उत्सर्जन १३ टनांच्या आसपास धरता येतं. मुंबईहून जाऊन-येऊन २०० किलोमीटरच्या वर्षाला ४० फेऱ्या पेट्रोल गाडीनं केल्या, तर वर्षाला साधारण १.२ टन होतात. अकरा वर्षांत रस्ता सिमेंटची बरोबरी करतो. तिथेच राहणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब लागू होत नाही, आणि म्हणून एकच आराखडा दोघांसाठी सारखा शाश्वत ठरत नाही.

सारवणार कोण?

शहरी चर्चेत मातीची भिंत सुंदर असते. खेड्यात तिचा अर्थ बायकांचं काम असा होतो. दर काही दिवसांनी शेणानं भुई सारवायची, सणाआधी भिंती लिंपायच्या, पावसाळ्यात कोपऱ्यातली ओल आणि वाळवी बघायची. जनावरं कमी झाली तसं शेणही विकत आणायची वेळ आली. म्हणून फरशी आणि स्लॅब मागणारी बाई ‘परंपरा विसरली’ असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिनं आपल्या श्रमाचा हिशेब केला आहे.

सरकारी भाषेचाही यात वाटा आहे. मोजणीत मातीची भिंत ‘कच्ची’ धरली जाते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घराला मैदानी प्रदेशात १.२० लाख रुपये मिळतात. ‘पक्कं’ म्हणजे सिमेंट, असं समीकरण गावात रुजलेलं आहे. ग्रामीण विकास मंत्रालयानं ‘पहल’ या संग्रहात प्रांतोप्रांतीच्या हवामानाला साजेसे घरांचे नमुने एकत्र केले, पण हप्ता हाती आल्यावर गवंडी जे येतं तेच बांधतो.

काय सुटलेलं नाही

आज काही गोष्टींवर बऱ्यापैकी सहमती आहे: लहान घर, उंच जोतं, सावलीतला पश्चिम बाजूचा भाग, उन्हापासून राखलेलं छप्पर, घराजवळ मिळणारं सामान, दोन खड्ड्यांचा संडास. मातीत सिमेंट किती, कौलं की स्लॅब, साठवण की पुनर्भरण, बॅटरी की काटकसर यांची उत्तरं जागेनुसार बदलतात. चार प्रश्न मात्र सगळीकडे सारखेच उघडे आहेत. भूकंप आणि वादळ दोन्ही झेलणारं हलकं, गार छप्पर साध्या कुटुंबाच्या ऐपतीत कसं बसवायचं? मानकांप्रमाणे मातीकाम करणारे गवंडी कुठे आणि कोण तयार करणार? मोजमाप करून बांधलेल्या मातीच्या घराला कर्ज आणि विमा सहज कसा मिळेल? आणि शिवारात किती घरं मावतील, हे गावानं ठरवायचं की प्रत्येक सातबाऱ्यानं?

यांची उत्तरं द्यायला राहत्या घरांच्या नोंदी लागतील: मेमध्ये खोलीतलं तापमान किती, दहा वर्षांत दुरुस्तीला किती पैसे आणि किती दिवस गेले, टाकी कोणत्या महिन्यात आटली. अशा नोंदींसाठी घरं आता उपलब्ध आहेत. किल्लारीनंतर बांधलेल्या घरांना तीस वर्षं उलटली आहेत, वर्ध्यातले प्रयोग त्याहून जुने आहेत आणि त्याच भागांत जुनी माळवदं आणि नवे स्लॅब शेजारी-शेजारी नांदत आहेत. वास्तुकला आणि अभियांत्रिकीची महाविद्यालयं जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. एका तालुक्यातल्या पंचवीस-तीस घरांचं वर्षभराचं मोजमाप त्यांच्या आवाक्यातलं काम आहे.